ठाऊक असलेलं बाजूला ठेवण्याची परीक्षा

अमेरिकेत वाढलेला भाचा किंवा पुतणी डॉक्टर व्हायचं म्हणून अभ्यासाला बसली की इथल्या काका-मावश्यांना एक गोष्ट काही केल्या उमगत नाही. रसायनशास्त्रात पैकीच्या पैकी, जीवशास्त्र तोंडपाठ. आणि सराव परीक्षेत गाडी अडते कुठे, तर जुन्या नाटकांवरच्या नाहीतर शहररचनेवरच्या सहाशे शब्दांच्या एका उताऱ्यावर. इंग्रजी ही तर त्या मुलांची रोजची भाषा. उतारा समोर आहे, उत्तर द्यायला लागणारं सगळं त्यातच आहे, पाठांतर शून्य. मग चुकतं काय? आणि होणाऱ्या डॉक्टरला नाटकांवरचा उतारा वाचायला लावायचाच कशाला?

या विभागात अडतं ते बहुधा भाषेमुळे नाही. अडतं ते वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींमुळे. हे कसं होतं, ते आधी पाहू. तयारी कशी करायची, हे त्यातूनच निघतं.

परीक्षेचा सांगाडा

अमेरिकेत आणि कॅनडात वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं. त्यासाठीच्या प्रवेश परीक्षेला ‘एमकॅट’ म्हणतात. तिची मुळं १९२८ सालच्या एका चाचणीत आहेत. आज ती असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना घेते. एकूण २३० प्रश्न, चार विभाग, आणि मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांचा दिवस.

चारपैकी तीन विभागांत विज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र येतं. त्या प्रत्येकात ५९ प्रश्न आणि ९५ मिनिटं. उरलेल्या एकात मात्र अभ्यासक्रमच नाही. पूर्वी त्याला ‘व्हर्बल रीझनिंग’ म्हणत. २०१५ मध्ये परीक्षा नव्यानं बांधली गेली तेव्हापासून त्याचं नाव ‘क्रिटिकल अ‍ॅनालिसिस अँड रीझनिंग स्किल्स’, बोलताना नुसतं ‘कार्स’. नऊ उतारे, ५३ प्रश्न, ९० मिनिटं. उतारा साधारण ५०० ते ६०० शब्दांचा, त्याखाली पाच ते सात प्रश्न. निम्मे प्रश्न कला, साहित्य, तत्त्वज्ञान, संगीत अशा विषयांवरच्या उताऱ्यांवर, निम्मे इतिहास, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र अशा विषयांवरच्या. विज्ञानाचा धडा मुद्दामच नाही, म्हणजे आधीच्या अभ्यासाचा फायदा कोणालाच मिळू नये.

गुण ११८ ते १३२ या पट्टीवर मिळतात. बाकीच्या तीन विभागांइतकंच याला वजन. कॅनडातलं मॅकमास्टर विद्यापीठ तर एमकॅटपैकी फक्त याच विभागाचे गुण विचारात घेतं.

आपल्याकडच्या ‘नीट’मध्ये असं काही नाही. तिथले १८० प्रश्न भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे. त्यामुळे हा विभाग आपल्या पालकांना परका वाटतो. ज्यांनी राज्यसेवेच्या ‘सीसॅट’ पेपरमधले उतारे सोडवलेत, त्यांना मात्र याची जात ओळखू येईल.

शाळेतला उतारा आणि हा उतारा

शाळेत ‘उतारा वाचून उत्तरे लिहा’ हा हमखास गुणांचा प्रश्न असे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आगेमागचं वाक्य उचलायचं, झालं. कार्समध्ये असे प्रश्न फारसे नसतात. तिथल्या प्रश्नांचे तीन थर आहेत.

पहिला थर समजण्याचा: लेखकाचं मुख्य म्हणणं काय, हा शब्द त्यानं इथे कोणत्या अर्थानं वापरला? साधारण ३० टक्के प्रश्न असे असतात. दुसरा थर जोडण्याचा: तिसऱ्या परिच्छेदातलं उदाहरण पहिल्या परिच्छेदातल्या कोणत्या विधानाला आधार देतं? हेही ३० टक्क्यांच्या आसपास. तिसरा थर उताऱ्याबाहेर जाण्याचा: समजा अमुक एक नवी माहिती पुढे आली, तर लेखकाचा युक्तिवाद टिकेल की डळमळेल? यांचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ४० टक्के.

तिन्ही थरांत काम एकच, निरोप्याचं. पूर्वी गावात एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेणारा माणूस असे. चांगला निरोप्या तो, जो पदरचं तिखटमीठ लावत नाही. निरोप त्याला पटला की नाही, हा प्रश्नच नसतो. सांगणारा रागानं बोलला असेल तर राग पोचवायचा, ‘जमलं तर ये’ म्हणाला असेल तर त्याचं ‘ये’च करायचं नाही. पलीकडच्यानं विचारलं, ‘मी उद्याऐवजी परवा आलो तर त्यांना चालेल का?’, तर स्वतःला काय वाटतं ते न सांगता निरोप देणाऱ्याच्या बोलण्यातून जेवढं निघतं तेवढंच सांगायचं. हा शेवटचा प्रश्न म्हणजे कार्सचा तिसरा थर.

एक उतारा सोडवून पाहू

परीक्षेतल्यापेक्षा बराच लहान, पण त्याच घडणीचा एक उतारा या लेखासाठी रचला आहे.

“जुन्या वास्तूची डागडुजी करताना तिला मूळ रूप द्यावं, असा आग्रह धरला जातो. पण मूळ रूप कोणतं? दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्यात पुढच्या पिढ्यांनी जिना हलवला, खिडक्यांना काचा बसवल्या, विजेच्या तारा ओढल्या. ही सगळी भर काढून टाकावी, असं शुद्धतावादी मानतात. त्यांची चिंता अगदीच निराधार नाही. बेफिकीर दुरुस्तीनं कितीतरी देखण्या इमारती विद्रूप झाल्या आहेत. तरीही वास्तू ही काही एका दिवशी पूर्ण होऊन थांबलेली वस्तू नव्हे. तिच्यात राहिलेल्या माणसांनी आपल्या गरजेपोटी केलेला प्रत्येक बदल हा तिच्या इतिहासाचाच भाग असतो. काचा काढून आपण इतिहास राखत नाही, त्यातला एक काळ पुसतो.”

पहिला प्रश्न: लेखकाचं मुख्य म्हणणं कोणतं?

अ) वारसा वास्तूत बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यायला हवी.
आ) बेफिकीर दुरुस्तीमुळे अनेक इमारती विद्रूप झाल्या आहेत.
इ) राहणाऱ्यांनी केलेले बदल वास्तूच्या इतिहासाचा भाग मानायला हवेत.
ई) शुद्धतावाद्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही.

उत्तर ‘इ’. पण बाकीचे तीन पर्याय कसे घडवले आहेत, ते पाहण्यासारखं आहे. कारण परीक्षेतले बहुतेक चुकीचे पर्याय याच साच्यांतून निघतात.

‘अ’ जगात खरं आहे. मुंबईत वारसा यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर परवानगी लागते, हे ज्याला ठाऊक आहे तो नकळत मान डोलावतो. पण उताऱ्यात परवानगीचा शब्दही नाही. हा बाहेरून आलेला पर्याय.

‘आ’ तर उताऱ्यातलंच विधान आहे, जवळजवळ शब्दशः. शाळेतल्या सवयीनं उचललं जातं ते हेच. पण लेखकानं ते समोरच्याला मान देण्यापुरतं कबूल केलंय. पुढच्याच वाक्यात ‘तरीही’ म्हणून तो आपल्या वाटेला लागतो. खरं, पण मुख्य नव्हे.

‘ई’मध्ये लेखकाची दिशा बरोबर पकडली आहे, मात्रा चुकली आहे. ‘अगदीच निराधार नाही’ म्हणणाऱ्याच्या तोंडी ‘काहीच तथ्य नाही’ घातलं. ‘सर्व’, ‘कधीच’, ‘फक्त’, ‘काहीच’ असे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्याकडे परत जाऊन लेखक खरोखर इतका ठाम आहे का, ते पाहावं. कधीकधी तो असतोही. म्हणून असे शब्द दिसले की पर्याय सरसकट खोडायचा, हा नियम करू नये.

दुसरा प्रश्न, तिसऱ्या थरातला: समजा, एका चित्रपट कंपनीनं चित्रीकरणापुरत्या या वाड्यात दोन कमानी उभारल्या आणि तशाच सोडल्या. त्या पाडायला लेखकाचा विरोध असेल का?

घाईनं वाचणारा म्हणेल, ‘हो, लेखक बदल जपा असं म्हणतो.’ पण त्याचं वाक्य पुन्हा पाहा: ‘तिच्यात राहिलेल्या माणसांनी आपल्या गरजेपोटी केलेला’. कंपनी तिथे राहिली नव्हती, गरज राहण्याची नव्हती. लेखकानं जे कारण दिलंय ते या कमानींना लागू पडत नाही, म्हणून त्या कारणावरून त्याचा विरोध गृहीत धरता येत नाही. उत्तर ठरलं ते एका विशेषणवजा तुकड्यावर. असे तुकडे ज्याच्या नजरेतून सुटतात, त्याचा तिसरा थर कच्चा राहतो.

ठाऊक असलेलं आड का येतं?

पुढची दोन अनुमानं वाचा.

सगळ्या औषधी वनस्पती कडू असतात. कडुनिंब कडू असतो. म्हणून कडुनिंब औषधी वनस्पती आहे.

सगळ्या औषधी वनस्पती कडू असतात. कारल्याच्या भाजीची करपलेली कढई कडू असते. म्हणून कढई औषधी वनस्पती आहे.

दुसरं ऐकून हसू येतं. पहिलं सहज खपून जातं. दोन्हींचा सांगाडा मात्र एकच आहे आणि दोन्ही सारखीच चुकीची आहेत: औषधी वनस्पती कडू असतात, यावरून कडू ते सगळं औषधी, असं ठरत नाही. पहिल्यातला निष्कर्ष आपल्याला आधीच मान्य होता, म्हणून तिथपर्यंतची वाट तपासायची गरज वाटली नाही.

मानसशास्त्रात याला ‘श्रद्धेचा कल’ म्हणता येईल. जोनाथन एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अशीच अनुमानं दिली होती. तर्कात न बसणारा निष्कर्ष पटण्याजोगा असेल तर तो सुमारे ७१ टक्के वेळा स्वीकारला गेला. तितकाच चुकीचा पण न पटणारा निष्कर्ष १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपली तपासणी बहुधा न पटणाऱ्या गोष्टींपुरतीच जागी होते.

हुशार विद्यार्थ्याची अडचण इथेच आहे. त्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात, म्हणून त्याला पुष्कळ पर्याय पटतात. विज्ञानाच्या पेपरमध्ये ‘हे मला माहीत आहे’ ही भावना भरवशाची. कार्समध्ये तीच धोक्याची खूण.

मग काहीच ठाऊक नसलेला वाचक बरा का? तसंही नाही. डोना रेख्त आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ मधला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. अमेरिकी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची तोंडओळख असली की वाक्यं भराभर जागेवर बसतात आणि लक्ष युक्तिवादाकडे देता येतं.

म्हणजे ज्ञान दोन ठिकाणी दोन परिणाम करतं. उतारा समजून घेताना ते मदत करतं, पर्याय निवडताना फसवतं. तयारीही म्हणून दुहेरी हवी: वाचन रुंद करायचं, आणि उत्तर देताना स्वतःला आवरायचं.

घड्याळाचं गणित

नव्वद मिनिटांत नऊ उतारे, म्हणजे उताऱ्याला दहा मिनिटं. त्यातली चार वाचनाला ठेवली तर सहा मिनिटं प्रश्नांना, साधारण मिनिटाला एक. प्रौढ माणूस इंग्रजी माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला २४० शब्दांच्या आसपास वाचतो. सहाशे शब्द अडीच मिनिटांत होतात. उतारा कठीण म्हणून वर दीड मिनिट धरलं, तरी वेळ पुरतो. ज्यांना तो पुरत नाही, त्यांचा बराचसा दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात आणि उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचण्यात जातो.

तरी बरेच जण वेगवाचनाच्या वर्गाला जातात. वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही. ती थांबत थांबत उड्या मारते. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा, आणि शब्द ओळखले जातात ते त्या थांब्यांतच. दर शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जाणाऱ्या असतात. वेगवाचनाचे वर्ग या मागच्या उड्यांना वाईट सवय ठरवतात. पण न जुळलेला अर्थ जुळवण्यासाठीच नजर अनेकदा मागे जाते. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष रोखठोक आहे: वेग फार वाढवला की समज घटते. वाचन खऱ्या अर्थानं सुधारतं ते शब्दांशी आणि भाषेशी ओळख वाढल्यानं, म्हणजे भरपूर वाचल्यानं.

ब्रिटनमध्ये घड्याळ वेगळं

ब्रिटनमधल्या वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘यूकॅट’ परीक्षा २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यातही शाब्दिक तर्काचा विभाग आहे, पण अकरा उतारे, ४४ प्रश्न आणि वेळ फक्त २२ मिनिटं. उताऱ्याला दोनच मिनिटं. इथे अथपासून इतिपर्यंत वाचत बसणं परवडत नाही. बहुतेक जण आधी प्रश्न वाचतात आणि त्यातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकतात.

काही प्रश्नांना पर्याय तीनच: खरं, खोटं, सांगता येत नाही. आपल्या उताऱ्यावर असं विधान आलं: ‘शुद्धतावाद्यांपैकी बहुतेक जण वास्तुविशारद असतात.’ असतीलही. पण उतारा त्याबद्दल गप्प आहे, म्हणून ‘सांगता येत नाही’. वेग निराळा असला तरी संयम तोच लागतो.

तयारी कशी करावी?

रोज थोडं परकं वाचावं. ज्या विषयात गती नाही तोच निवडावा: कलासमीक्षा, न्यायशास्त्र, अर्थकारण. वर्तमानपत्रातली बातमी उपयोगाची नाही. जिथे कोणीतरी मत मांडतंय आणि त्यासाठी झगडतंय, असा लेख हवा. प्रत्येक परिच्छेद संपला की एका ओळीत सांगावं, लेखकानं इथे काय ‘केलं’: दावा केला, उदाहरण दिलं, विरोधकाचं ऐकून घेतलं, त्याला उत्तर दिलं. विषय विसरला तरी चालेल, ही चाल विसरू नये. ‘पण’, ‘तरीही’, ‘असं मानलं जातं’, ‘कदाचित’ हे शब्द चाल ओळखायला सर्वांत कामाला येतात.

सुरुवातीला घड्याळ लावू नये. बरोबर कसं वाचायचं हे बसण्याआधी वेग आणला तर चुकाच वेगानं होतात. उत्तरं स्थिरावली की मग दहा मिनिटांची मर्यादा घालावी. पुढे नऊच्या नऊ उतारे एका बैठकीत सोडवावेत, तेही शक्यतो विज्ञानाचा एक पेपर आधी सोडवून. खऱ्या परीक्षेत कार्स दुसऱ्या क्रमांकावर येतो आणि तेव्हा डोकं ९५ मिनिटं राबलेलं असतं.

पर्याय वाचण्याआधी स्वतःचं उत्तर मनात तयार करावं. ते ओबडधोबड असलं तरी चालतं. चार आकर्षक वाक्यं समोर येण्यापूर्वी आपलं एक म्हणणं असलं की भुलायला जरा कमी होतं. मग उरलेले पर्याय खोडताना प्रत्येकाला उताऱ्यातलं कारण दाखवावं. ‘हा बरा वाटतो’ हे कारण नव्हे.

सगळ्यात महत्त्वाची चुकांची वही. बहुतेक जण उत्तरपत्रिका पाहतात, ‘अच्छा, इ होतं काय’ म्हणतात आणि पुढचा उतारा घेतात. त्यातून काही सुधारत नाही. प्रत्येक चुकीसाठी तीन गोष्टी लिहाव्यात: मी काय निवडलं, ते मला का आवडलं, आणि उताऱ्यातलं कोणतं वाक्य त्याला खोटं पाडतं. शे-दीडशे प्रश्नांनंतर वही चाळली की आपला स्वभाव दिसू लागतो. कोणी सतत बाहेरचं ज्ञान आणतो, कोणी टोकाच्या शब्दांना भुलतो, कोणी खरं पण दुय्यम विधान उचलतो. इलाज त्या एका खोडीवर करायचा. बरोबर आलेल्या पण धाकधुकीनं दिलेल्या उत्तरांचीही हीच तपासणी व्हावी.

परीक्षा घेणाऱ्या संघटनेचं स्वतःचं सराव साहित्य जपून वापरावं. पर्याय घडवण्याची तिची ढब खासगी क्लासवाल्यांना तंतोतंत साधत नाही, म्हणून ते शेवटच्या काही आठवड्यांसाठी राखून ठेवावं. आणि ‘नीट’च्या वळणाची एक सवय सोडावी. तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, म्हणून शंका आली की प्रश्न सोडणं शहाणपणाचं. एमकॅट आणि यूकॅट दोन्हींत गुण कापत नाहीत. कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे फुकट घालवलेली संधी.

डॉक्टरला याचा उपयोग काय?

उतारे चांगले सोडवणारा चांगला डॉक्टर होतोच, असं नाही. धीर देणारा हात, अचूक हात, दमल्यावरही शाबूत राहणारी माणुसकी यातलं काही इथे मोजलं जात नाही. पण एक सवय दोन्हीकडे सारखी लागते. रुग्ण म्हणतो, ‘जेवल्यावर छातीत जळजळतं.’ डॉक्टरनं आज असे दहा रुग्ण पाहिलेले असतात. अकराव्याचं वाक्य पुरं होण्याआधी त्याच्या मनात ‘पित्त’ हे उत्तर तयार असतं. रुग्णानं पुढे सांगितलेले ‘जिना चढतानाही’ हे दोन शब्द कानाआड झाले, तर हृदयाचा आजार निसटू शकतो. निदान लवकर पक्कं करून पुढचं न ऐकणं, हा वैद्यकातल्या चुकांचा ओळखीचा प्रकार आहे. वाड्याच्या उताऱ्यात ‘राहिलेल्या माणसांनी’ हे शब्द सुटले की उत्तर चुकतं. दवाखान्यात ‘जिना चढतानाही’ सुटलं की माणूस.

थोडक्यात

• कार्स: ९ उतारे, ५३ प्रश्न, ९० मिनिटं. यूकॅटचा शाब्दिक विभाग: ११ उतारे, ४४ प्रश्न, २२ मिनिटं.
• पर्याय जगात खरा आहे का, हे पाहायचं नाही. उताऱ्यात त्याला आधार आहे का, हे पाहायचं.
• फसवे पर्याय तीन साच्यांतले: बाहेरून आलेला, खरा पण मुख्य नसलेला, मात्रा वाढवलेला.
• वाचन परक्या विषयांचं करावं. परिच्छेदागणिक लेखकाची चाल एका ओळीत सांगावी.
• आधी अचूकता, मग घड्याळ.
• चुकांच्या वहीत उत्तर नव्हे, चुकण्याचं कारण लिहावं.
• प्रश्न कोरा सोडू नये.